आईच्या नावावरचा नळ

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आईला नाशिक महापालिकेच्या विभागीय कार्यालयात घेऊन गेले. घरची नळजोडणी अजून बाबांच्या नावावर होती. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, आम्हा भावंडांचं संमतीपत्र, सगळं बरोबर नेलं होतं. खिडकीवरच्या ताईंनी एकेक कागद आईला समजावून सांगितला. "मावशी, इथं सही करा," म्हणून बोट ठेवलं. सही करताना आई क्षणभर थांबली. त्या ताईही थांबल्या, घाई केली नाही. मला ते फार मोठं वाटलं.

बाकावर शेजारी बसलेले सिडकोतले एक काका म्हणाले, "पूर्वी अशा कामाला आधी नगरसेवकाचं दार वाजवायचो. मधे ते दारच नव्हतं." खरंय. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं संविधानाचं २४३ यू कलम सांगतं. तरी जवळपास चार वर्षं १२२ नगरसेवकांचं सभागृह रिकामं, कारभार प्रशासकाकडे. पाणी, घंटागाडी, रस्त्यावरचे दिवे, माणसाला रोज लागणाऱ्या या गोष्टींवर आपल्या वतीनं बोलणारं कुणी नसावं, याचा मला अजूनही राग येतो.

परतताना रिक्षात आईनं विचारलं, "आपल्या प्रभागातले चार नगरसेवक कोण गं?" मला दोनच नावं सांगता आली. उरलेली दोन आज शोधून तिच्या वहीत लिहून देणार आहे, फोन नंबरांसकट.