जपानची बदली, पीएफ आणि माझ्या नावातला ‘ज्ञ’

मी दारव्हा तालुक्यातला, घरी सहा एकर, कपाशी आन तूर. 2016 ला पुण्यात पहिली नोकरी लागली, आता एका परदेशी कंपनीत आहे आणि कंपनीनं मागच्या वर्षी दोन वर्षांसाठी टोकियोच्या ऑफिसला पाठवायचं ठरवलं. तेव्हा वर्क फ्रॉम होम असल्यानं ही सगळी भानगड मी गावातूनच निस्तरली, म्हणून लिहितो, आपल्याकडच्या पोरांच्या कामी येईल.

व्हिसाचं सोपं गेलं. एकाच कंपनीत बदली होणाऱ्यांसाठी जपानचा वेगळा व्हिसा आहे, आधी निदान वर्षभर इकडच्या ऑफिसात सलग काम केलेलं लागतं, ते माझं होतं. तिकडच्या ऑफिसनं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा जपानचा पात्रतेचा दाखला, काढून पाठवलं. ते तीनच महिने चालतं, म्हणजे तेवढ्यात तिकडं पोचलं पाहिजे.

अडकलं पीएफवर. पगार पुण्यातूनच निघणार होता, म्हणजे इकडं 12 टक्के कटणारच, आणि जपानात नोकरदारांच्या पेन्शनला 18.3 टक्के भरतात, त्यातले निम्मे म्हणजे 9.15 आपल्या पगारातून जातात. दोन्हीकडं कटू नये म्हणून भारत आन जपानचा करार आहे, 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू. कंपनीनं पाठवलेल्या माणसानं पाच वर्षांपर्यंत फक्त आपल्याच देशात भरायचं. पण त्यासाठी पीएफ ऑफिसचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे इकडं पीएफ भरतोय याचा दाखला, हातात पाहिजे. आणि हा करार फक्त पेन्शनपुरता आहे, आरोग्य विमा तिकडं भरावाच लागतो, हे मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, घरखर्चाचा हिशोब मी त्याशिवायच मांडून बसलो होतो.

सर्टिफिकेटचा अर्ज भरायला बसलो तर नाव जुळेना. पासपोर्टवर ज्ञानेश्वरची स्पेलिंग डी पासून, आधारवर जी पासून, आणि पीएफला आधारचंच नाव गेलेलं. गावात आधारचा कॅम्प लागला होता तेव्हा ऑपरेटरनं कानाला ऐकू आलं तसं टाईप केलं असेल. बाबा म्हणे, “नावात ज्ञ एकच हाय ना बापू, मंग इंग्रजीत दोन कसे झाले?” आता याला काय सांगणार.

तालुक्याला आधार केंद्रात पासपोर्ट दाखवून नाव बदललं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्क्रीनवर एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, मागं लाईन होती तरी. मग पीएफचं जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे तिथली माहिती दुरुस्त करायची विनंती. माझा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, 2016 चा जुना, त्यामुळे ती विनंती कंपनीनं मंजूर करावी लागते, आणि तिथंच अकरा दिवस गेले. माझं एचआर पुण्यात, पगाराचं काम करणारी टीम भलतीकडंच, आन टोकियोचं एचआर तिसरं. पुणे म्हणे सिस्टीमवर तक्रारीचं टिकीट टाका, पगारवाले म्हणे पुण्याला विचारा. तारीख जवळ येत होती आणि जीव नुसता टांगणीला.

शेवटी टोकियोच्या एचआरच्या बाईंनी सकाळी कॉल लावला. तिथं नऊ वाजले की आपल्याकडं साडेपाच, मी ओट्यावर रेंज धरून बसलेलो, बाबा डवरणीला निघालेले. त्या मला ज्ञानेश्वर-सान म्हणायच्या, माय घरातून हळूच म्हणे, “सान म्हंजे काय रे?” म्हटलं आपलं राव म्हणतात ना, तसं. बाईंनी तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकाच मेलमध्ये घेतलं, साधा तक्ता केला, कोणता कागद, कोणाकडं, कोणत्या तारखेपर्यंत. चार दिवसांत मंजुरी आली. मला विचाराल तर दोन देशांत माणसं सांभाळायची म्हणजे हेच काम आहे, पॉलिसीची पीडीएफ पाठवणं नाही. आणि बदलीचं पत्र द्यायच्या आधी एचआरनं पासपोर्ट, आधार आन पीएफ शेजारी ठेवून नाव बघावं, पाच मिनिटं लागतात. आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आन आधारवर दुसरं नाव आहे.

अर्जाची प्रिंट, त्यावर माझी आन कंपनीची सही, ती पीएफ ऑफिसात, आणि विमानाच्या चार दिवस आधी सर्टिफिकेट हातात पडलं. बाबांनी दारव्ह्याहून त्याच्या दोन झेरॉक्स आणल्या, एक माझ्या बॅगेत टाकली, दुसरी सातबाऱ्याच्या पिशवीत.