केरळच्या शाळांत जमलं ते इंदूरात का जमू नये

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीच्या शाळांमधून मला एकच प्रश्न येतोय, लॅबमधल्या जुन्या मशिनींचं करायचं काय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, नवा प्रोसेसर लागतो, आणि इंदूरातल्या आपल्या ट्रस्टच्या शाळांमध्ये जे पीसी आहेत ते बरेचसे दानात आलेले, चार जीबी रॅमवाले. सिल्व्हर मॉलमध्ये विचारलं तर दुकानदार म्हणतो नवीन घ्या, शाळा म्हणते बजेट नाही, मग कोणीतरी क्रॅक केलेलं विंडोज टाकून देतं, एखाद्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो आणि लॅबला कुलूप लागतं.

माझं उत्तर सरळ आहे, लिनक्स टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट वापरता आणि वाटता येणारी सिस्टीम. चार जीबीवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आरामात चालते, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी लावली तर आणखी छान. पण नुसतं टाकून भागत नाही, कारण आशियात कितीतरी सरकारांनी हे करून पाहिलंय, कुठे टिकलं, कुठे विरलं, आणि मला जेवढं समजलंय त्यात कारण मशीनमध्ये नसतंच, माणसांत असतं.

केरळचंच बघा. तिथे २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रोजेक्ट सुरू झाला, सुरुवातीला विंडोजवरच, पुढे काही वर्षांत शाळा लिनक्सवर गेल्या. आणि गेल्या म्हणजे कशा, तर अख्खी पुस्तकं त्यावर, दहावीची आयटीची प्रॅक्टिकल परीक्षाही त्यावरच. परीक्षाच लिनक्सवर म्हटल्यावर लॅब बंद ठेवायची सोय कुठल्या शाळेला राहते सांगा. शिवाय शिक्षकांमधूनच मास्टर ट्रेनर तयार केले, जिल्ह्याजिल्ह्यात, म्हणजे मशीन अडलं तर फोन कंपनीला नाही, पलीकडच्या शाळेतल्या मास्तरांना. २०१७ मध्ये या प्रोजेक्टची काइट नावाची सरकारी कंपनी झाली, २०१८ मध्ये मुलांचे लिटल काइट्स क्लब निघाले, आता मुलंच लॅब सांभाळायला हात लावतात. २०१९ मध्ये त्यांनी उबुंटू या लिनक्सच्या प्रसिद्ध प्रकारावर बेतलेली स्वतःची १८.०४ आवृत्ती काढली, २ लाखांवर कॉम्प्युटरसाठी, आणि ३,००० कोटी रुपये वाचतील असं सांगितलं. भागाकार केला तर एका मशीनमागे दीड लाख, म्हणजे प्रत्येक मशीनवर सगळी महागडी सॉफ्टवेअर विकत घेतली असती असं धरून काढलेला हिशोब, त्यामुळे त्या आकड्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. मला मोठी गोष्ट वाटते ती ही की मल्याळम फॉन्ट नीट दिसावेत म्हणून तिथल्या लोकांनी स्वतः बसून काम केलं, जिओजेब्रा हे भूमिती शिकवायचं सॉफ्टवेअर गणिताच्या तासाला नेलं, आणि हे सगळं पंधरा-वीस वर्षं, सरकारं बदलली तरी, चालू ठेवलं.

याच्या उलट थायलंड. २००३ मध्ये तिथल्या सरकारने सामान्य लोकांसाठी स्वस्त पीसी काढला, आत लिनक्स टीएलई ही त्यांची थाई आवृत्ती. लोकांच्या रांगा लागल्या, मायक्रोसॉफ्टने लगेच विंडोज आणि ऑफिसची किंमत त्या स्कीमपुरती एकदम खाली आणली आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन काढली ज्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालायचे. लोकांचा फायदा झालाच, स्वस्तात मिळालं, पण लिनक्स मात्र मागे पडलं कारण ते शिकवणारं, चुकलं तर दुरुस्त करणारं माणूस गल्लीत नव्हतं, असं मला वाटतं.

चीनचं कारण वेगळं, तिथे प्रश्न भरवशाचा, २०१४ मध्ये सरकारी खरेदीतून विंडोज ८ बाद केलं आणि आता कायलिन, यूओएस वगैरे त्यांच्याच लिनक्स आवृत्त्या चालतात. दक्षिण कोरियाने विंडोज ७ संपतानाच लिनक्सकडे जायचं ठरवलं. आपल्या संरक्षण मंत्रालयानेही २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली माया ही सिस्टीम घेतली. ही मोठ्या घरची कामं आहेत, शाळेला त्यातून घेण्यासारखं थोडंच.

आता आपल्याकडे या. सीडॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने चेन्नईत केलेलं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, डेबियन या लिनक्सवर बेतलेलं, मराठीसकट, शाळांसाठी एज्युबॉस वेगळं. केंद्राचं २०१५ चं धोरण तर सांगतं की सरकारी खरेदीत आधी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, बघा, नाही घेतलं तर कारण द्या. कागदावर सगळं आहे हो. अडतं कुठे ते मी एका शाळेच्या ऑफिसात बघितलं. लिनक्स टाकून दिलं, लॅब मस्त चालली, मग ऑफिसातल्या काकांनी जुनी नोटीस उघडली आणि ‘प्राचार्य’ असायला हवं तिथे रोमन अक्षरं आणि सेमिकोलन यांची खिचडी. काका म्हणाले, "अहो, हे तुमचं लिनक्स हिंदी खाऊन टाकतंय!" खाऊन वगैरे काही नाही, फाइल क्रुतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये होती. क्रुतिदेव युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, नाही, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात, फॉन्ट नसला की आतलं रोमन उघडं पडतं. मध्य प्रदेशातल्या निम्म्याअधिक ऑफिसांचा कारभार असल्या फॉन्टवर चाललाय असं मला तरी दिसतं, सीपीसीटी या राज्याच्या कॉम्प्युटर परीक्षेच्या टायपिंगसाठीही रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डची, सवय झालेले लोक भरपूर.

उपाय अवघड नाही. फॉन्टची फाइल टाकली की जुन्या नोटिसा दिसायला लागतात, आणि नवीन टायपिंगसाठी आयबस या लिनक्समधल्या भाषा-टायपिंगच्या सोयीत रेमिंग्टनचा लेआउट घेतला की बोटांची सवय तीच राहते आणि अक्षरं युनिकोडमध्ये उमटतात, मोबाइलवर पाठवा, वेबसाइटवर टाका, कुठेही वाचता येतात. काकांना ते दाखवलं, त्यांनी एक अर्ज टाइप करून बघितला, मग दुसरा, आणि मग म्हणाले की जुन्या फाइल बदलायला कोणी मदत करेल का. ही मदतच कुठल्या योजनेत लिहिलेली नसते आणि गाडी तिथेच थांबते.

पालकांचाही प्रश्न असतो, पुढे नोकरीत एक्सेलच विचारतात ना, मग लिनक्सवरचं लिबरऑफिस शिकून काय उपयोग. हा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. पण आठवीच्या मुलाला बेरीज, सरासरी, सॉर्टिंग लिबरऑफिसच्या कॅल्कवर आलं की एक्सेलमध्ये मेनू शोधायला थोडा वेळ जातो इतकंच, आणि क्रॅक केलेल्या बंद पडलेल्या लॅबमध्ये तर त्याला काहीच येत नाही. शिवाय लिनक्सची पेनड्राइव्ह तो घरी नेऊ शकतो, दहा मित्रांना देऊ शकतो, यात कोणाची चोरी नाही, आणि मुलांसमोर शाळेने कसं वागावं या दृष्टीने मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तर या उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबला हात न लावता आधी कॉम्प्युटरच्या मॅडम आणि ऑफिसातले काका यांच्या मशिनींवर लिनक्स टाकायचं ठरवतोय, त्यांचे रोजचे अर्ज, मार्कशीट, प्रिंटर सगळं त्यांच्या हाताने चाललं की मग मुलांच्या मशिनी. प्रिंटर आधी तपासा, जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर कधीकधी त्रास देतात. राजवाडा, रामबाग, सुखलिया, कुठेही तुमच्या ओळखीची अशी शाळा असेल तर मशिनींची यादी करून कळवा, मॉडेल, रॅम, प्रिंटर एवढंच, आणि त्या शाळेत शिकायला तयार असलेलं एक माणूस कोण ते.