भरतीच्या रात्री दिवाडीच्या बांधावर

गोव्यात शिरायची माझी आवडती वाट दोडामार्गाची. पत्रादेवीच्या हमरस्त्याने गेलं की समुद्राकडे धावणाऱ्या गाड्यांच्या रांगेत आपणही आपोआप ढकलले जातो. दोडामार्गावरून डिचोलीत उतरलं की पोफळी, काजू, शाळा सुटलेली मुलं आणि मराठी पाट्या लागतात, आणि जीव शांत होतो. डिचोलीला माझी मावशी राहते. त्रिपुरारी पौर्णिमा होती. संध्याकाळी सगळी डिचोली साखळीला निघाली होती, कारण विठ्ठलापूरला वाळवंटी नदीवर होड्यांचा उत्सव असतो. मावशीचा आग्रह होता, पण मावसभावाने आधीच दुसरा बेत ठरवला होता. "पुनवेच्या रातीक मानस बघायची असेल तर आजच," तो म्हणाला. मानस म्हणजे नदीकाठच्या बांधातलं पाण्याचं दार. आम्ही नार्व्याला गेलो, सप्तकोटेश्वराला हात जोडले आणि फेरीबोटीतून पलीकडे दिवाडी बेटावर उतरलो. हा देव मूळचा दिवाडीचाच. पोर्तुगीजांच्या काळात तो नदी ओलांडून नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

मी दिवाडीला गेले ती मीठ बघायला. आमची शेती शिरोळ तालुक्यात आहे. उसाला वर्षानुवर्षं पाटाने बेसुमार पाणी दिल्यामुळे आमच्याकडे हजारो एकर रान क्षारपड झालं. जमिनीवर पांढरा थर येतो, उगवण थांबते, आणि मग जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ते पाणी आणि क्षार बाहेर काढावे लागतात. मीठ म्हणजे शेतीचा शेवट हे ऐकतच मी मोठी झाले. आणि इथे मावसभाऊ सांगत होता की मांडवीचं खारं पाणी जिथे रोज येतं, तिथे लोक शेकडो वर्षं भात काढतायत.

या जमिनीला खाजन म्हणतात. नदीकाठची ही सखल जमीन, भरती आली की बुडणारी. तिच्याभोवती चिखल आणि पेंढ्याचा बांध, काही ठिकाणी नदीच्या बाजूने जांभ्या दगडाचं अस्तर. आत पोंय, म्हणजे पाणी खेळवणारी आतली खाडी. बांधात एका जागी मानस, दगडी बांधकामात बसवलेल्या लाकडी झडपांचं दार. जून-जुलैच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघतं, ते पाणी मानशीतून ओहोटीला बाहेर जातं आणि मग भात लावतात. हे भातही खार सोसणारं. कोरगुट आणि असगो ही जुनी वाणं. जुन्या गोव्याच्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' नावाची काही सुधारित वाणं काढली आहेत. ऑक्टोबरमध्ये कापणी झाली की खाजनात खारं पाणी घ्यायचं आणि मासळी धरायची. काही गावांत त्याच पाण्यापासून मीठही पिकवतात. एका जमिनीवर भात, मासळी, मीठ, आणि बाहेरून विकत आणावं लागतं ते फारच थोडं. गोव्यात अशी खाजनं सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचं सांगतात.

आम्ही दिवाडीवरच्या मळार गावी तात्यांकडे उतरलो. तात्या मावसभावाच्या ओळखीचे, सत्तरी ओलांडलेले. देवळातल्या भजनात मराठी अभंग म्हणतात आणि घरी मराठी वर्तमानपत्र वाचतात. त्यांच्या घरची उकड्या तांदळाची पेज आणि तांबडी भाजी मला गोव्यातल्या कुठल्याही हॉटेलपेक्षा जास्त आवडली. रात्री अकराच्या सुमारास ते टॉर्च, कोयता आणि एक फावडं घेऊन निघाले. फावडं कशाला, हे मी विचारलं नाही. बांधावर डास इतके की मी पदर डोक्यावरून गुंडाळून घेतला.

मानशीवर दोन माणसं आधीच बसलेली. मासळीच्या हक्काचा लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात. यंदाच्या पावणीत ही मानस घेणाऱ्याची ती माणसं. भरती चढत होती. झडपांची रचना अशी, की त्या फक्त नदीच्या बाजूला उघडतात. बाहेरचं पाणी वाढलं की दाबाने झडप चौकटीवर घट्ट बसते, आणि ओहोटीला आतलं पाणी जास्त झालं की तीच झडप ढकलली जाऊन उघडते. मोटार नाही, वीज नाही, रात्री कोणी उठून जायला नको. मासळी हवी असेल तेव्हा मात्र माणसाने हस्तक्षेप करायचा. भरतीला झडपा दोराने उघड्या धरून पाणी आत घ्यायचं, आणि ओहोटी लागली की तोंडाशी जाळं बांधायचं. पुनव आणि अवस या दिवसांत भरती-ओहोटीचा चढउतार मोठा, म्हणून मासळीही जास्त.

मला वाटलं होतं की मासळी बघायची रात्र आहे. पण तात्या मानशीवर थांबलेच नाहीत. ते बांधावरून पुढे चालू लागले, टॉर्च बांधाच्या आतल्या उताराकडे धरून. मी मागे. शंभरेक पावलांवर ते एकदम वाकले. गवतातून पाण्याची बारीक धार येत होती. बोटाएवढीही नाही. त्यांनी बोट चाटून बघितलं आणि म्हणाले, "खारें."

कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं बीळ. कुर्ल्या बांधात बिळं करतात, आणि बाहेर भरती चढलेली असताना ते पाणी बिळातून आत यायला लागतं. एकदा वाट मिळाली की माती वाहून जाते, भोक रुंदावतं, आणि भरतीच्या दोन-तीन खेपांत भगदाड पडतं. बांध फुटला की एकाचं शेत जात नाही, सगळं खाजन जातं. पुढच्या पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत वाट बघायची, आणि तोवर बांध सांधला नाही तर तीही आशा नाही.

तात्यांनी मावसभावाला पेंढ्याची एक पेंडी आणायला पाठवलं. स्वतः कोयत्याने गवत छाटून बिळाचं तोंड मोकळं केलं, आत पेंढा कोंबला, खालचा काळा घट्ट चिखल फावड्याने उचलून त्यावर थापला, पायाने दाबला, परत पेंढा, परत चिखल. मग बांधाच्या नदीकडच्या बाजूला, गुडघाभर पाण्यात उतरून, तिकडूनही. मीही चिखल उचलून देत होते. पाण्याची धार बारीक झाली, थांबली, बाजूने परत सुरू झाली. तात्यांनी ती जागा उकरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भरती उतरायला लागेपर्यंत आम्ही तिथेच होतो. एवढा वेळ पावणीवाल्याच्या दोन माणसांपैकी कोणी उठलं नाही. त्यांचं काम मासळीचं.

बांध थोपल्यावर तात्या तिथेच बसले आणि मी विचारलं, आधी हे कोण करायचं?

"आधी गाव करायचा," ते म्हणाले. "आता मी करतो."

गाव म्हणजे गावकरी ही जुनी संस्था, पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद. जमीन गावाच्या सामाईक मालकीची. शेतं आणि मानशी पावणीने द्यायच्या, त्या पैशातून आधी बांध, पोंय आणि देवळाचा खर्च, आणि उरेल ते गावकारांत वाटायचं, त्याला जोण म्हणत. दिवाडी ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्यातले हे रिवाज इतके जुने, की १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने त्यांची सनद केली, तेव्हा तो फक्त आधीपासून चालत आलेलं कागदावर उतरवत होता. बांध सांभाळायचा पैसा त्या जमिनीच्याच उत्पन्नातून आणि सगळ्यांत आधी बाजूला पडायचा. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळं मालक झाली. हे व्हायलाच हवं होतं. कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसणं हा अन्याय होता आणि माझ्या आजोबांनीही तो भोगला. पण बांध मात्र कोणाच्याच सातबाऱ्यावर आला नाही. तो कुळांच्या संघटनेकडे गेला. काही संघटना चालल्या, काही नुसत्या कागदावर राहिल्या. सरकारचं कृषी खातं बांधदुरुस्तीला मदत करतं. पण ती मदत बांध फुटल्यावर येते, रात्री बारा वाजता बोटाएवढी धार बघायला खातं येऊ शकत नाही.

त्यात मधली वर्षं खनिजाच्या बार्जेसची. मांडवीतून लोहखनिज भरून बार्जेस मुरगावला जायच्या आणि त्यांच्या लाटा बांध खायच्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर तो मारा काही वर्षं थांबला, तोवर अनेक बांध खचले होते. रेल्वेने जाताना आपण ज्या हिरव्या पट्ट्यांचे फोटो काढतो ना, ती बहुतेक खाजनंच. नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेचा मार्ग त्यांच्यातून नेण्याला गोव्यात मोठा विरोध झाला होता. जी खाजनं पडीक राहिली त्यांत खारफुटी उगवली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने ती काढून पुन्हा भात लावता येत नाही. मला खारफुटी प्रिय आहे, बांधाच्या बाहेर तर ती हवीच, लाटांचा मार तीच सोसते. पण बांधाच्या आत ती दिसली की समजावं, इथला शेतकरी हरला.

मला खरा राग सकाळी आला. उजेडात दिसलं की आम्ही बुजवलेल्या बिळासमोरचं शेत पडीक आहे. त्याच्या पलीकडचंही. त्या मालकांची कुटुंबं पणजीत आणि मुंबईत. ती बांधाचा एक पैसा देत नाहीत आणि पडीक शेतात घुशी आणि कुर्ल्या वाढतात. जरा पुढे एका ठिकाणी तांबड्या मातीचे ढीग टाकलेले, आणि बाजूला निसर्गाच्या सान्निध्यातल्या घरांची चकचकीत पाटी. केंद्राच्या २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खाजनात बांधकामाला मनाई आहे, आणि कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीशिवाय वापरू नये म्हणून गोव्याचा स्वतःचा १९९१ चा कायदा आहे. माती तरीही पडते. त्या घरात राहायला येणाऱ्याला हिरवं भातशेत दिसेल, आणि ते कोरडं ठेवणारा बांध रात्री तात्यांनी थोपलेला असेल. पर्यावरणपूरक या शब्दाचा मला त्या पाटीसमोर मनापासून संताप आला. शाश्वत विकासाच्या सभांमध्ये माणसं सौरदिवे आणि सायकलींबद्दल बोलतात; ते हवंच. पण खाजनात पहिला प्रश्न एवढाच, की बांधाचा खर्च कोण देणार आणि तो बघायला कोण चालणार. ज्याला भात, मासळी किंवा नुसता देखावा मिळतो, त्या प्रत्येकाकडून तो वसूल व्हायला हवा.

पावणीचा पेचही तोच. मासळीचा पैसा भातापेक्षा जास्त, म्हणून पावणीवाल्याला झडपा जास्त वेळ उघड्या हव्यात. पाणी जास्त आत आलं की वरच्या खेर जमिनीतल्या मिरचीला आणि भाजीला झळ लागते. शेतकरी तक्रार करतो, आणि पावणीवाला म्हणतो की मी एवढे पैसे मोजलेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पैसा बांधाकडे जात नाही, हे चूक आहे.

जुन्या गोव्याची देवळं आणि चर्चेस आम्ही दुपारच्या उन्हात पटकन उरकली, त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. संध्याकाळी परत तात्यांकडे आलो तर ओटीवर संघटनेची सहा-सात माणसं बसलेली. पुढच्या पावणीच्या अटी लिहायच्या होत्या. "बाय, तुझें अक्षर बरें, तू लिही," असं म्हणून त्यांनी मला वही दिली. बोलणं कोकणीत, लिहिणं मराठीत. मी लिहिलेल्या अटी अशा, की शेतात किंवा खेरात पीक उभं असताना झडपा दोराने धरायच्या नाहीत. पावणीवाल्याच्या माणसांनी प्रत्येक मोठ्या भरतीला बांधाची फेरी मारायची. पावणीच्या रकमेचा चौथा हिस्सा वाटपाआधी बांधाच्या खात्यात टाकायचा. एकाने विचारलं की शेत पडीक ठेवणाऱ्यांचं काय. त्यावर बराच वाद झाला, आणि शेवटी लिहिलं की क्षेत्राच्या प्रमाणात बांधवर्गणी त्यांनीही द्यायची, आणि जो देणार नाही त्याच्या वाटणीचा पावणीचा पैसा रोखून ठेवायचा. चौथा हिस्सा कमी आहे असं मी म्हटलं. तात्या म्हणाले, एवढ्याला जरी सगळ्यांनी सही केली तरी पुष्कळ. मी वही परत दिली तेव्हा सात सह्या झाल्या होत्या, आणि पणजीच्या दोघांना फोन लावायचं काम मावसभावाने अंगावर घेतलं होतं.