तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे काम करून फी निघते का?

अमेरिकेत एमएसला निघालेल्या मुलामुलींचे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात: "पहिल्या वर्षाची फी आम्ही कशीबशी भरू, पुढचं तिकडे काम करून निघेल ना?" कधी मुलंच विचारतात, आईबाबांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. उत्तर सरळ आहे: फी निघत नाही. किराणा निघतो, फोनचं बिल निघतं, घरभाड्यातला आपला वाटा बऱ्याच ठिकाणी निघतो. या एका समजुतीवर घरं तारण ठेवली जातात, म्हणून हिशेब नीट मांडायला हवा.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि ते २००९ पासून तिथेच अडकलंय. टेक्सासमध्ये तेच लागू आहे, तर कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांत दर त्याच्या दुपटीहून जास्त आहे. आपण तासाला १५ डॉलर धरू. आठवड्याचे ३०० डॉलर, १५ आठवड्यांच्या सेमिस्टरचे ४,५००, दोन सेमिस्टरचे ९,०००. डॉलरला ९० रुपये धरले तर आठ लाख दहा हजार. आकडा इथे बसून मोठा वाटतो. पण हे पूर्ण २० तास दर आठवड्याला मिळाले तरचं गणित आहे. नव्या मुलांना सुरुवातीला बहुधा दहा-बाराच तास मिळतात, सुट्टीत मेस बंद असते, आणि परीक्षेच्या आठवड्यात मुलं स्वतःच शिफ्ट सोडतात. उरतं त्यातून भाडं आणि जेवण. सरकारी विद्यापीठांतही आपल्या मुलांना परराज्यातल्या विद्यार्थ्यांचा चढा दर लागतो, त्यापुढे ही कमाई तोकडीच पडते.

विद्यापीठाकडून आलेला आय-२० हा कागद एकदा शांतपणे वाचा. पहिल्याच पानावर एका बाजूला अंदाजे खर्च आणि दुसऱ्या बाजूला पैसा कुठून येणार ते लिहिलेलं असतं. खर्चाच्या रकान्याच्या डोक्यावर महिने दिलेले असतात आणि तिथे पुष्कळदा ९ हा आकडा असतो. घराचा करार मात्र बहुतेक ठिकाणी १२ महिन्यांचा. म्हणजे उन्हाळ्याचे तीन महिने त्या अंदाजात नाहीतच, आणि पैसे कमी पडल्याचे फोन येतात ते नेमके त्याच दिवसांत. दुसऱ्या बाजूला कॅम्पसवरच्या नोकरीसाठी एक ओळ असते. तिथे विद्यापीठाने स्वतः काही रक्कम लिहिली नसेल, तर विद्यापीठाने तुमच्या कमाईचा भरवसा धरलेला नाही. व्हिसाच्या मुलाखतीतही 'तिकडे काम करून भरू' हे उत्तर अंगाशी येतं, कारण पैशाची सोय आधीच झालेली आहे हेच तिथे दाखवायचं असतं.

२० तासांचा नियम साधा दिसतो, पण त्यात मुलं फार अडकतात. ही मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून आहे. लायब्ररीत १२ आणि मेसमध्ये १० तास झाले की ती ओलांडली. या आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्या आठवड्यात २५ करता येत नाहीत, तास साठवता येत नाहीत. विभागाने २० तासांची असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं काम) दिली असेल, तर दुसरीकडे एक तासही उरत नाही. दोन वेगवेगळ्या कार्यालयांतले साहेब एकमेकांचं वेळापत्रक बघत नसतात, म्हणून बेरीज ठेवायची जबाबदारी विद्यार्थ्याचीच. सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत आणि उन्हाळ्यात पूर्णवेळ काम चालतं.

नोकरी शोधायची ती विद्यापीठाच्या जॉब पोर्टलवर; बऱ्याच ठिकाणी ते हँडशेक नावाचं असतं. ज्या जाहिरातीवर 'वर्क-स्टडी' लिहिलेलं असेल ती सोडून द्या. ती केंद्र सरकारची आर्थिक मदत योजना आहे, परदेशी विद्यार्थ्यांना लागू नाही. अशा जाहिरातींना अर्ज करकरून मुलं निराश होतात आणि नाही का म्हटलं हे त्यांना कुणी सांगत नाही. उरलेल्यांपैकी मेस, लायब्ररी, जिम, कॉम्प्युटर लॅबचं हेल्पडेस्क, पार्किंग ऑफिस इथल्या जागा ऑगस्टमध्येच भरायला लागतात. मेसची नोकरी कमीपणाची मानू नका. शिफ्टला जेवण मिळतं अशी मेस असेल तर त्याचे पैसे वेगळे वाचतात.

ऑफर हातात आली की सोशल सिक्युरिटी नंबर काढायचा, म्हणजे पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक. त्यासाठी दोन पत्रं लागतात: एक काम देणाऱ्याचं, एक विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं. सोबत पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची) प्रिंट. अर्जाला फी नाही. अमेरिकेत उतरल्यावर निदान दहा दिवस थांबून, आणि विद्यापीठाने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) तुमची नोंद चालू केल्यावरच सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जा. आधी गेलात तर त्यांच्या यंत्रणेत तुम्ही सापडत नाही आणि अर्ज लोंबकळतो. आपल्याकडच्या नावांची एक खास अडचण इथेच येते. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. मग एक कार्यालय ती दोन्ही मिळून पहिलं नाव धरतं, दुसरं वडिलांचं नाव मधलं म्हणून लिहितं, तिसरं ते गाळूनच टाकतं. पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ यांवर नाव अक्षरशः एकसारखं आहे ना, हे अर्जाआधी पाहा. कार्ड टपालाने येतं, तेव्हा चौघांत घेतलेल्या घराच्या टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं असू द्या, नाहीतर ते परत जाऊ शकतं.

या सगळ्यात दिवस जातात. वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू झाले तर पहिला पगार खात्यात पडायला सप्टेंबर संपतो, ऑक्टोबरही उजाडतो. तोवर घराची अनामत, पहिलं भाडं, गादी, भांडी, थंडीचे कपडे असं सगळं होऊन गेलेलं असतं. घरून निघताना फीव्यतिरिक्त निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च खिशात हवा.

पहिली पगारपावती उघडून बघा. दोन आठवड्यांचे ४० तास, ६०० डॉलर. खाली कपातीच्या ओळी असतात. केंद्राचा आयकर कापलेला असेल, काही राज्यांत राज्याचाही. पण सोशल सिक्युरिटीचे (निवृत्तिवेतन योजनेचे) ३७.२० आणि मेडिकेअरचे (वृद्धांच्या आरोग्य योजनेचे) ८.७० डॉलर कापलेले दिसले, तर ते चूक आहे. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे ही ७.६५ टक्के कपात लागत नाही. ऑगस्टमध्ये आलेल्याचं ते अर्धं वर्षही पूर्ण धरलं जातं. चुकून होणारी ही कपात सेमिस्टरला सुमारे ३४४ डॉलर, म्हणजे महिन्याचा किराणा आणि वर थोडे. पगार विभागाला लगेच लिहा. त्यांनी परत केले नाहीत तर आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडे, फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून मागता येतात. आयकराचं विवरणपत्र भरताना अनिवासींसाठीचं १०४०-एनआर भरायचं. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला त्यावर प्रमाणित वजावट मिळते, जी बाकीच्या बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. जाहिरातीतलं नेहमीचं सॉफ्टवेअर वापरून नागरिकांचा १०४० भरून टाकणं ही दरवर्षी होणारी चूक आहे. परतावा जास्त येतो आणि पुढे तो निस्तरावा लागतो. एक डॉलरही कमावला नसेल तरी फॉर्म ८८४३ पाठवायचा असतोच.

मग फी खरोखर कशाने कमी होते? असिस्टंटशिपने. टीए (टीचिंग असिस्टंट) वर्ग आणि लॅब सांभाळतो, आरए (रिसर्च असिस्टंट) प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानावर काम करतो. मोबदल्यात फीमाफी आणि दरमहा विद्यावेतन. पीएचडीला हे बहुधा प्रवेशासोबतच येतं. एमएसला थोड्यांना मिळतं, आणि एमबीए किंवा बिझनेस ॲनालिटिक्ससारख्या अभ्यासक्रमांत फारच क्वचित. पत्र आलं तर खूश होण्याआधी चार गोष्टी विचारा: माफी पूर्ण फीची की अर्धी, त्याखेरीजची सक्तीची शुल्कं कोण भरणार, आरोग्यविम्यात विद्यापीठाचा वाटा किती, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची अट काय. शंभर टक्के माफी असूनही सेमिस्टरला हजारभर डॉलर शुल्क भरावं लागणं नवं नाही. तासावर पेपर तपासायचं काम मिळालं तर ती असिस्टंटशिप नव्हे, तिच्यात माफी नसते. अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा आर्थिक ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, तेव्हा घाबरून मार्चमध्येच हो म्हणू नका.

दुसरा मोठा आधार म्हणजे उन्हाळ्यातली इंटर्नशिप. तिला सीपीटी, म्हणजे शिक्षण चालू असताना अभ्यासक्रमाशी संबंधित काम करायची परवानगी, लागतं आणि ते साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतं. कंपनीचं नाव आणि तारखा असलेला नवा आय-२० हातात येईपर्यंत एक दिवसही काम सुरू करायचं नाही, ओरिएंटेशनलाही जायचं नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं की शिक्षणानंतरचं वर्षभराचं ओपीटी (काम करायची परवानगी) हातचं जातं. पहिल्या दिवसापासून सीपीटी देऊ म्हणणाऱ्या संस्थांपासून म्हणूनच जपून राहा.

आणि आता रोख पैशाच्या कामाबद्दल. पेट्रोल पंप, मोटेल, ओळखीच्याचं किराणा दुकान, दुसऱ्याच्या नावावर डिलिव्हरी. देणारा पुष्कळदा आपलाच माणूस असतो, मराठीत किंवा हिंदीत बोलतो, आणि 'सगळेच करतात' म्हणतो. कृपा करून करू नका. विनापरवाना काम उघडकीला आलं तर सेव्हिसमधली नोंद संपते, आवरून निघायला एरवी मिळणारे दिवसही मिळत नाहीत, फी परत येत नाही, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात तो प्रश्न उभा राहतो. पगार बुडवला तर तक्रार करायचं धैर्यही होत नाही, हे त्या मालकांना चांगलं ठाऊक असतं. तासाला नऊ-दहा डॉलरसाठी चाळीस लाखांचं कर्ज पणाला लागतं.

पैसा इथूनच बांधून न्यावा लागतो. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं त्यात येतं, पण विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठं निवडतानाच तिची जाहिरात वाचा. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे. बँकेचं कर्ज घेणार असाल तर शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं हे धरून चाला: चाळीस लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला चार लाख.

एवढं करूनही मध्येच पैसे संपले, घरी आजारपण आलं, वडिलांची नोकरी गेली, तर सगळ्यात आधी डीएसओला भेटा, गुपचूप विषय सोडू नका. पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला ९ क्रेडिट हवेत. परवानगीशिवाय त्याखाली गेलात तर नोंद धोक्यात येते. फी हप्त्यांनी भरायची सोय बर्सरच्या, म्हणजे फी घेणाऱ्या, कार्यालयात असते. एक शैक्षणिक वर्ष झालेलं असेल आणि अडचण अनपेक्षित असेल, तर गंभीर आर्थिक अडचणीच्या कारणाने कॅम्पसबाहेर कामाची परवानगी मागता येते. अर्ज आय-७६५चा, निर्णय यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याचा, आणि त्याला महिने लागू शकतात, म्हणून खातं रिकामं व्हायच्या आधी अर्ज गेला पाहिजे. काहीच जमत नसेल तर डीएसओच्या परवानगीने सेमिस्टर सोडून घरी येता येतं. परवानगी मिळाल्यापासून देश सोडायला १५ दिवस असतात, आणि पाच महिन्यांच्या आत परतायचं असेल तर बहुधा तीच नोंद पुन्हा चालू करता येते.