बांध फुटला नव्हता, सेल मोठा होता

बेळगावजवळच्या येळ्ळूर बाजूच्या ओढ्याचं संगणकावर पुराचं मॉडेल करतोय, त्यातली गळती अखेर थांबली. ओढ्यातलं पाणी बांधाच्या माथ्यापेक्षा ४० सेंटिमीटर खाली, तरी पलीकडच्या भातात निळं तळं! मोरी, बाउंडरी (मॉडेलच्या कडेला दिलेलं पाणी), मॅनिंगचा एन (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा), सगळं पालथं घातलं. दोष जाळीचा, म्हणजे मॉडेलसाठी जमिनीचे जे तुकडे (सेल) पाडतात त्यांचा निघाला.

सेल १० मीटरचे, बांधाचा माथा जेमतेम दीड मीटर रुंद. हेक-रास (मॉडेलचं सॉफ्टवेअर) एका सेलला पाण्याची एकच पातळी देतं. बांध सेलच्या पोटातून गेला की ओढ्याकडची पातळी शेताकडच्या अर्ध्या भागालाही लागते. बांध अडवतो तो फक्त सेलच्या कडेवर बसला तर, कारण एका सेलमधून दुसऱ्यात किती पाणी जाईल ते त्या कडेवरच्या जमिनीच्या छेदावरून ठरतं. म्हणून माथ्यावर ब्रेकलाइन (सेलच्या कडा जिच्यावर बसवायच्या ती रेघ), तिच्यालगत सेल ३ मीटरचे, मग एन्फोर्स, म्हणजे जाळी त्या रेघेवर बसवायची आज्ञा.

तरीही दोन ठिकाणी गळलंच. एके ठिकाणी ब्रेकलाइन उपग्रहचित्रावरून आखलेली, माथ्यापासून दोनेक मीटर सरकलेली. कड बांधाच्या उतारावर बसली आणि तिथली उंची कमी पडली. टेरेनच्या (मॉडेलमधल्या जमिनीच्या उंच्यांच्या) हिलशेडवर, म्हणजे चढउताराच्या छायाचित्रावर आखा, आणि रास मॅपर या हेक-रासच्याच नकाशाच्या भागात कडेचा छेद उघडून माथा सापडतोय का ते बघाच. दुसरीकडे ब्रेकलाइन मोरीच्या ६ मीटर अलीकडेच संपवलेली. तेवढी फट पुरली.

हे सगळं टेरेनमध्ये बांध असेल तरच. ३० मीटरच्या फुकटच्या डीईएममध्ये (उंच्यांच्या नकाशात) बांधही नसतो नि ओढाही नसतो. दर २० मीटरला ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) घेतलेल्या उंच्या टेरेनमध्ये ‘हाय ग्राउंड’, म्हणजे जमीन उंचावणारा बदल म्हणून घातल्या. भाड्याची लेव्हल घेताना दोन खुंट्यांची चाचणी (त्यांच्यातला उंचीचा फरक दोन जागांवरून मोजून ताडणं) आधी करा, दुकानदाराच्या ‘कालच कॅलिब्रेट केलीय’वर जाऊ नका.

बारीक सेल म्हणजे टाइम स्टेपही (मॉडेल दर किती सेकंदांनी हिशोब करतं ते) बारीक. ३ मीटर सेल, २ मीटर प्रति सेकंद वेग, ५ सेकंदांची स्टेप: कूरंट (एका स्टेपमध्ये पाणी किती सेल ओलांडतं तो आकडा) ३.३, आणि दगडी उंबऱ्यावर (ओढ्याच्या तळात आडव्या रचलेल्या दगडांवर) पातळी नाचायला लागली. १ सेकंदावर ०.६७, पाणी शांत. डिफ्यूजन वेव्ह या सोप्या केलेल्या समीकरणांवर वेळ वाचतो, पण वळणावर बाहेरच्या काठाला चढणारं पाणी त्यात दिसत नाही. ओढ्याची वळणं परत आणायची असतील तर पूर्ण समीकरणंच.

आता उंबऱ्याचे दगड. खोली १.२ मीटर, उतार ०.००४, म्हणजे तळावर पाण्याचा घासता ताण (शिअर) साधारण ४७ न्यूटन प्रति चौरस मीटर. शील्ड्स (दगड कधी हलेल ते सांगणारा आकडा) ०.०४७ धरला तर ६ सेंटिमीटरचा दगड हलायच्या बेताला येतो. उंबऱ्यावर पाणी खळाळतं म्हणून २० सेंटिमीटरचा काळा दगड घेतोय. खानापूरकडचा जांभा स्वस्त पडेल, पण तो झिजतो.

हे लिहितानाच लक्षात आलं की मॉडेलमध्ये धरलेला एन ०.०३५ हा स्वच्छ ओढ्याचा आहे. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारखी जलपर्णी माजली तर? ०.१ घातला की पाणी पात्रातच राहिल्यास खोली जवळपास १.९ पट होते. ४० सेंटिमीटरची ऐट संपली. मॉडेल तेव्हा शिअरही वाढलेला दाखवतं, पण त्याला फसू नका: तो ताण बराचसा जलपर्णीच खाते, दगडापर्यंत पोचत नाही. म्हणून दगडाचा आकार स्वच्छ ओढ्याच्या रनवरून आणि पुराची पातळी तुंबलेल्या रनवरून.

त्यामुळे बांध उंचावायचा बेत रद्द. उंचावला तर पाणी समोरच्याच्या शेतात जाणार आणि भांडण आपल्या दारात येणार. त्याऐवजी उजव्या काठाला ४ मीटर रुंदीची पायरी कोरून पुराला जागा द्यायची. काळ्या मातीला १:२ (एक उभं, दोन आडवं) पेक्षा उभा उतार देऊ नका. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाच्या पहिल्या झोडीत ढासळते. पायरीवर वाळा लावायचाय, तेव्हा तिथला एन ०.०५ धरलाय.

पायरीचं टेरेन वेगळ्या प्रतीत करतोय, जुनं तसंच. ज्यांच्या शिवारात मोरीच्या भिंतीवर यंदाच्या पुराची गाळाची रेघ टिकलीय, त्यांनी रंगाने खूण करून उंची मोजून ठेवा, पुढचा रन तिच्याशीच ताडायचाय.