राखणीच्या दिव्याखालची रोपं

कोलंबियाने 2016 साली वैद्यकीय वापरासाठीच्या गांजाचा कायदा केला आणि तिथे परवान्याची शेतं उभी राहिली. अँटिओकिया प्रांतातल्या अशाच एका शेतावर मी पीकतज्ज्ञ म्हणून काम करत होते. युरोपातून आणलेलं बी तिथे कसं वाढतं, हे पाहायचं होतं. युरोपात त्या जातीची झाडं माणसाच्या डोक्यावर जातात. इथे ती गुडघ्याएवढी झाली आणि फुलोऱ्यात आली. वाढ तिथेच थांबली.

व्यवस्थापक म्हणाले, खत कमी पडलं. मग म्हणाले, मातीत रोग आहे. रोपं उपटून पाहिली, तर मुळं पांढरीशुभ्र होती. माझ्या मते दोष रात्रीचा होता. हे झाड रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखतं. युरोपच्या उन्हाळ्यात पंधरा-सोळा तास उजेड असतो, तोवर ते नुसतं वाढतं. दिवस चौदा तासांच्या आसपास आला की फुलू लागतं. आमचं शेत होतं त्या सहाव्या अक्षांशावर, विषुववृत्ताजवळ, मात्र वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात पाऊण तासाचाही फरक नसतो. रात्र बारा तासांच्या आगेमागे. बी रुजल्या दिवसापासून त्या रोपाच्या दृष्टीने शरद ऋतूच चालू होता. हे मी सांगत होते, पण महागाचं बियाणं वाया गेलं हे ऐकायची कुणाची तयारी नव्हती.

एका सकाळी कुंपणाकडेचे वाफे बघत गेले आणि थबकले. राखणदाराच्या खोपीजवळची रोपं छातीपर्यंत उंच, गर्द हिरवी, एकही कळी नाही. बी तेच, माती तीच, पाणी तेच. खोपीवर रात्रभर एक साधा दिवा जळायचा. त्याचा उजेड पोहोचे तिथवर झाडं वाढत होती आणि त्यापुढे लगेच खुजा फुलोरा. खोपीच्या खांबाची सावली जिथे पडायची, त्या चिंचोळ्या पट्ट्यातली रोपंसुद्धा फुललेली! इतकं नेमकं चित्र मला प्रयोगशाळेतही आखता आलं नसतं. पानातल्या फायटोक्रोम या रंगद्रव्याला मंद उजेडही पुरतो. मध्येच उजेड पडला की झाडाच्या हिशेबी ती लांब रात्र राहत नाही.

मी व्यवस्थापकांना बोलावलं. ते येईपर्यंत राखणदारकाकांना विचारलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ते पूर्वी शेवंतीच्या मळ्यात होते. “तिथे रात्री दिवे लावतातच,” ते म्हणाले, “नाहीतर दांडा लांब होत नाही.” शेवंतीही लांब रात्रीत फुलणारी. आमच्या बैठकांना त्यांना कुणी एकदाही बोलावलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

फुलण्याचं आणि दिवसाच्या लांबीचं हे नातं पहिल्यांदा ज्या झाडांवर दिसलं, त्यांत हेच झाड होतं. फ्रान्सच्या ज्युलियन तुर्न्वा यांनी 1912च्या सुमारास भांग आणि तिच्याच कुळातल्या हॉप या वेलीवर ते पाहिलं. अमेरिकेच्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांचा याच विषयावरचा प्रसिद्ध निबंध आला 1920 साली.

शेजारच्याच वाफ्यात स्थानिक बी होतं. अरुंद पानांची, उंच, ज्यांना बाजारात सॅटिव्हा म्हणतात तशी झाडं. बारा तासांच्या रात्रीतच ती पिढ्यान्‌पिढ्या घडली आहेत. फुलायची घाई नाही. फुलोरा पिकायला तीन-चार महिने लागतात म्हणून व्यापाऱ्यांना ती नकोशी होतात. पण त्यांचा फुलोरा विरळ असतो, वारा खेळतो. दुपारच्या पावसानंतर युरोपीय जातीच्या घट्ट फुलोऱ्यात करड्या बुरशीने घर केलं होतं, ही झाडं मात्र बहुतेक निरोगी होती.

व्यवस्थापक आले, पट्टा पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, सगळ्या शेतावर दिवे टांगायला किती तार लागेल? तार मोजता येईल, पण आधी युरोपीय वाफ्यातली नरझाडं काढा, असं मी सांगितलं. त्यांचे पराग वाऱ्यावर दूरवर जातात. स्थानिक वाफ्याचं बी एकदा भेसळलं, की ते परत वेगळं करता येत नाही. त्याच दुपारी, पाऊस यायच्या आत, राखणदारकाका आणि मी नरझाडं उपटायला लागलो.