पुतळ्यांची माळ आणि रोममधली एक काच

इटलीचे फोटो टाकून झाले. व्हेनिसबद्दल सांगायचं तर पाणी सुंदर आणि गर्दी भयंकर, पिसाला उन्हानं जीव काढला, व्हॅटिकनची रांग परत आयुष्यात नको. मला लिहायचंय ते रोमबद्दल आणि रोममधल्याही एका गल्लीतल्या बुल्गारी या दागिन्यांच्या दुकानाच्या काचेबद्दल, कारण त्या काचेपुढं मला माझे बाबा पहिल्यांदाच वेगळे दिसले.

बाबा कोल्हापूरच्या गुजरीतले कारागीर. साज, टीक, पुतळ्या, मोहनमाळ, उभं आयुष्य शेगडी, फुंकणी आणि ऐरणीपुढं गेलं. मी हट्टानं दोघांना घेऊन गेले तर आई प्रत्येक चर्चमध्ये रमायची आणि बाबा बाहेर पायरीवर बसायचे. कलोसियम बघून म्हणाले "मोठं आहे", बस्स. मला वाईट वाटत होतं, एवढा खर्च करून आणलं आणि ह्यांना मजा येत नाहीये.

मग आम्ही स्पान्या स्टेशनला मेट्रोतनं उतरून स्पॅनिश स्टेप्सवर आलो. या पायऱ्या १७२५ च्या. आता तिथं बसायला बंदी आहे, २०१९ पासून, आणि दंड शेकडो युरोंचा. पंचाहत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाला त्या चढून झाल्यावर टेकायलासुद्धा मिळत नाही याचा मला मनापासून राग आला. पायऱ्या स्वच्छ राहाव्यात हे कळतं, पण म्हाताऱ्या माणसांसाठी बाजूला चार बाक टाकायला काय हरकत आहे? या पायऱ्यांची साफसफाई आणि दुरुस्ती ज्यांच्या पैशातनं झाली, १५ लाख युरो दिले आणि २०१६ मध्ये त्या परत उघडल्या, ते बुल्गारीवाले. आणि पायऱ्यांच्या अगदी समोर जी व्हिया कोंदोत्ती सुरू होते तिथं १० नंबरला त्यांचंच दुकान, १९०५ पासून.

या घराण्याची गोष्ट मी बाबांना मेट्रोतच सांगितलेली. मूळ पुरुष सोतिरिओ बुल्गारी, हा इटालियन नव्हेच, ग्रीक. एपिरस भागातल्या पारामिथिया गावचा, जन्म १८५७ चा, तेव्हा तो मुलूख ऑटोमन राज्यात होता. घरात चांदीकाम. तिथनं कोर्फू, मग नेपल्स करत १८८१ ला रोमला आला आणि १८८४ मध्ये व्हिया सिस्तिनावर दुकान टाकलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या हुपरीचा चांदीवाला परमुलखात जाऊन पेढी काढतो तसंच की." तिथनं त्यांचा इंटरेस्ट जागा झाला असं मला वाटतं.

आत जाऊया म्हटलं तर बाबा तयार नाहीत. दारात सूट घातलेला माणूस उभा होता म्हणून नव्हे, त्यांचं म्हणणं, घ्यायचं नाही तर समोरच्याचा वेळ का घ्यायचा, त्यांनी स्वतः गुजरीत अशी माणसं खूप बघितलीत. म्हणून आम्ही काचेपुढंच उभे राहिलो, आणि खरं सांगते, किती वेळ उभे राहिलो ते मी बघितलंच नाही. मागनं माणसं ढकलत होती, सेल्फीवाले पुढं घुसत होते, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावून.

पहिली नजर गेली ती सेर्पेंतीवर. मनगटाला वेटोळं घालणारा साप, डोक्यात घड्याळ. हे डिझाइन १९४० च्या दशकाच्या शेवटी आलं, पुढं साठच्या दशकात खवल्याखवल्यांचे मीनाकाम केलेले सापही आले. हॉलिवूडची नटी एलिझाबेथ टेलर १९६२ मध्ये रोमला शूटिंगला असताना असाच साप घालायची आणि तिच्याबरोबरचा नट रिचर्ड बर्टन याच दुकानातनं तिच्यासाठी पाचूचे दागिने घेऊन जायचा, २०११ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला तिच्या दागिन्यांचा लिलाव झाला तेव्हा त्यातले काही बुल्गारीनं स्वतःच परत विकत घेतले. मी हे सगळं उत्साहानं सांगत होते, बाबांचं लक्षच नव्हतं. ते म्हणाले, "झाळ कुठाय?" झाळ म्हणजे सोन्याचे तुकडे वितळवून जोडतात तो सांधा.

मला कळेना. ते सापाच्या अंगाकडं बघत होते. सोन्याची ती गोल नळी कशीही वळते, मनगटाला धरून बसते आणि एकही जोड दिसत नाही. मी वाचलेलं सांगितलं, या कामाला तुबोगास म्हणतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅस वाहून नेणारे लवचिक पाइप असायचे त्यांच्यावरनं. सोन्याच्या दोन लांब पट्ट्या, कडा वळवलेल्या, एका गाभ्याभोवती गुंडाळत न्यायच्या, कडा एकमेकींत अडकत जातात, शेवटी आतला गाभा काढायचा. झाळ लागतच नाही. गाभा लाकडाचा किंवा तांब्याचा. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तांब्याचा असेल तर तेजाबात टाकत असतील. तांबं विरघळतं, सोन्याला काही होत नाही." तसंच करतात! मी अजून तिथपर्यंत पोचलेच नव्हते. त्यांना पाठ थोपटून घ्यायची सवय नाही, पण चेहरा असा उजळला की मला तिथं भर रस्त्यात रडू आलं. चाळीस-पन्नास वर्षं एका कामाला दिलेला माणूस, भाषा येत नाही, गल्ली ओळखीची नाही, पण समोरच्या कारागिराचा हात त्याला काचेतनं वाचता येतो.

आईला रंग आवडले. माणकाशेजारी पाचू, त्याच्याशेजारी नीलम, मध्ये जांभळा अमेथिस्ट, आणि खडे पैलू न पाडता घोटलेले, गोलसर, सगळं पिवळ्याधमक सोन्यात. तिला त्यात काही विशेष वाटेना, आपल्याकडं असंच चालतं म्हणाली. पण युरोपात हे धाडस होतं. तोवर मोठ्या दागिन्यांची पंढरी पॅरिस, तिथं प्लॅटिनम आणि पांढरे हिरे. सोतिरिओच्या नातवांनी, जानी, पाओलो आणि निकोला यांनी पन्नास-साठच्या दशकात ती चाकोरी सोडली.

आणि मग कोपऱ्यात ती माळ दिसली. जाडजूड सोन्याची साखळी आणि तिच्यात जुनी नाणी, खरीखुरी, रोमन बादशहांची तोंडं असलेली. हा त्यांचा मोनेते नावाचा नाण्यांच्या दागिन्यांचा प्रकार, साठच्या दशकापासूनचा, निकोला बुल्गारीला जुन्या नाण्यांचा नाद होता. नाण्याला भोक पाडत नाहीत, झाळत नाहीत, फक्त सोन्याच्या कड्यात धरून ठेवतात आणि मागच्या बाजूला कुठल्या बादशहाचं, कधीचं ते कोरतात. आई एकदम म्हणाली, "अगं, ही तर पुतळ्यांची माळच की!"

आईचं बरोबर होतं आणि आम्हाला ते दोनच दिवसांपूर्वी कळलेलं. व्हेनिसला एका म्युझियममध्ये डुकाट बघितला, व्हेनिसचं सोन्याचं नाणं. १२८४ पासून पाडायचे, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. एका बाजूला संत मार्कपुढं गुडघे टेकलेला तिथला राज्यकर्ता, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या महिरपीत येशू. व्यापारात हे नाणं शेकडो वर्षं हिंदुस्थानात येत राहिलं आणि आपल्याकडं पुतळी म्हणून चाललं, बायकांनी कडी लावून गळ्यात घातलं, आणि त्या दोन आकृत्यांत लोकांना राम-सीता दिसायला लागले. नंतर आपल्या सोनारांनी स्वतःचे ठसे केले. बाबा त्या काचेपुढंच म्हणाले की फार वर्षांपूर्वी एका घरातली झिजलेली पुतळी त्यांच्याकडं कडी बदलायला आलेली, तिच्यावर अक्षरं होती, ती त्यांना तेव्हा लागली नव्हती. आता लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅराकॅलाचे हमामखाने. इथं कलोसियमच्या मानानं माणसंच नाहीत, सावली आहे, टेकायला दगड आहेत, रोममध्ये मला सगळ्यात आवडलेली जागा हीच. इसवी सन २१६ मध्ये सुरू झालेलं सार्वजनिक स्नानगृह, भिंती अजून डोळे फिरतील एवढ्या उंच. जमिनीवर रंगीत दगडांचे तुकडे बसवून केलेली नक्षी, पंख्याच्या आकाराची, एकात एक गुंतलेली, हिरवे पिवळे लालसर पंखे लांबवर पसरलेले. आईनंच ओळखलं, "काल त्या काचेत पेंडंट होतं ते हेच." हो, त्यांचं दिवाज ड्रीम नावाचं डिझाइन इथनंच आलंय, आणि या फरशीच्या दुरुस्तीलाही त्यांनीच पैसे दिलेत. तसंच १९९९ ची बी-झीरो-वन अंगठी कलोसियमवरनं. मला हे फार भावलं. गॅसचा पाइप, गंजलेलं नाणं, पायाखालची फरशी, गावात जे पडलंय त्याच्यातनंच दागिना काढायचा. आणि हे एका ग्रीक माणसाच्या घराण्यानं केलं, बाहेरनं आलेल्याला गाव जास्त दिसतं की काय.

म्हणूनच त्यांच्या मंगळसूत्राबद्दल माझं मत थोडं कडक आहे. २०२१ मध्ये त्यांनी भारतासाठी मंगळसूत्र आणलं, सोन्याच्या साखळीत काळा ऑनिक्स आणि हिरे, किंमत साडेतीन लाखांच्या आसपास. रात्री मी आईला फोनवर फोटो दाखवला. सुबक आहे, ऑफिसला घालायला छान, पण त्यात आपलं काय, तर काळा रंग तेवढा. रोमच्या एका फरशीसाठी एवढं वाकून बघणाऱ्यांनी आपल्याकडं पण तसंच वाकून बघावं ना. वाट्या बघा, साजाची पानं बघा, त्यातला मासा बघा, कासव बघा. इटलीचंच सोनं आमच्या आज्यांच्या गळ्यात पुतळी होऊन बसलंय, एवढी मोठी गोष्ट तयार आहे, ती माळ त्यांनी करायला हवी. आई म्हणाली मंगळसूत्रात काळे मणी हवेत म्हणजे हवेत, चर्चा नाही. बाबा म्हणाले किमतीबद्दल बोलू नका, मजुरी किती दिली ते विचारा.

नंतर फ्लोरेन्स, तिथला सोनारांचा जुना पूल, पाऊस, सर्दी. बाबांच्या डोक्यात आता वालेन्झा आहे, उत्तरेत पिएमोंतेमधलं सोनारांचं गाव, बुल्गारीचा मोठा कारखाना २०१७ पासून तिथंच आहे. पुढच्या वेळी बाकी सगळं सोडून थेट तिकडं जायचं असं त्यांनी विमानतळावरच जाहीर केलंय, आणि आईनं तिथंच नाही म्हटलंय, तिला पोम्पेई बघायचंय.